ती तीस नाणी दिली कुणी?

येशूला त्याच्याच बारा शिष्यांतल्या यहूदाने तीस नाण्यांना विकलं, हे बायबल कधी हातात न धरलेल्या माणसालाही माहीत असतं. तीस नाणी, रात्रीच्या अंधारात बागेत घेतलेलं ते चुंबन, मग पश्चात्ताप आणि गळफास, संपली गोष्ट. माझं म्हणणं एवढंच आहे की ही गोष्ट आपण अर्धी सांगतो. विकणाऱ्याचं नाव जवळजवळ दोन हजार वर्षं शिवीसारखं वापरलं गेलं, पण पैसे मोजणारे कोण होते, त्यांना ते का मोजावे लागले आणि काम झाल्यावर त्याच पैशांशी ते कसे वागले हे कुणी फारसं विचारत नाही. आणि हे अर्धं सांगणं निरुपद्रवी पण नाहीये, त्याच्यामुळे खरीखुरी माणसं मेलीत, म्हणून यहूदाचे पुतळे जाळावेत का, येशूच्या दुःखसहनाची नाटकं कशी बसवावीत, मुलांना ही गोष्ट कशी सांगावी हे प्रश्न फक्त चर्चच्या आतले आहेत असं मला वाटत नाही.

आधी पैशांचंच बघू. बायबलमध्ये येशूची गोष्ट सांगणारी चार पुस्तकं, म्हणजे चार शुभवर्तमानं आहेत आणि चारही याबाबतीत एक बोलत नाहीत. मार्क सगळ्यात जुनं, इसवी सन ७० च्या आसपासचं असं बहुतेक अभ्यासक मानतात, त्यात यहूदा मुख्य याजकांकडे, म्हणजे जेरुसलेमच्या देवळातल्या वरच्या पुजाऱ्यांकडे जातो, येशूला धरून द्यायची तयारी दाखवतो, ते ऐकून याजक खूश होतात आणि पैसे द्यायचं कबूल करतात. म्हणजे पैशाचा विषय त्यांच्याकडून निघाला. मत्तय नंतरचा, त्यात मात्र यहूदा गेल्या गेल्या थेट विचारतो की मला काय द्याल, आणि तीस हा आकडा चौघांपैकी फक्त तिथेच येतो. लूक म्हणतो यहूदात सैतान शिरला, मग पैशांचं ठरलं. आणि सगळ्यात उशिराचं समजलं जाणारं योहान, त्यात सौद्याचा उल्लेखच नाही, पण तिथे यहूदा आधीपासूनच चोर आहे, शिष्यांच्या पैशांची पेटी त्याच्याकडे असायची आणि तो त्यातून काढून घ्यायचा असं योहान सांगतो.

बेथानीतल्या अत्तराच्या प्रसंगात तर हे फारच उघडं दिसतं. एक बाई येशूवर महागडं अत्तर ओतते आणि कुणीतरी कुरकुरतं की हे विकून गरिबांना देता आलं असतं. कोण कुरकुरलं? मार्कमध्ये 'काही जण'. मत्तयात 'शिष्य'. योहानात एकटा यहूदा, आणि वर शेरा की त्याला गरिबांची पर्वा नव्हती, तो चोर होता म्हणून बोलला. प्रसंग तोच, पण जे आधी सगळ्यांच्या तोंडी होतं ते शेवटी एका माणसाच्या गळ्यात पडलं. पहिल्या पिढीतला धर्मप्रचारक पौल, त्याची पत्रं तर या सगळ्याच्या आधीची, पन्नासच्या दशकातली, तो 'ज्या रात्री प्रभूला धरून देण्यात आलं' एवढंच म्हणतो, यहूदाचं नाव नाही, पैसे नाहीत, काही नाही.

मरणाचंही तेच. मत्तयात तो गळफास घेतो, बायबलमधल्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात त्या पैशांनी स्वतःच शेत घेतो आणि तिथे पडून त्याचं पोट फुटतं, आणि दुसऱ्या शतकातला बिशप पापियास सांगतो की तो इतका सुजला की जिथून गाडी जाईल तिथून तो जाऊ शकत नव्हता. काळ जातो तसा माणूस आणखी लोभी होतो आणि त्याचं मरण आणखी किळसवाणं होतं. कुणी मुद्दाम बसून कट केला असं मी म्हणत नाहीये, पण गोष्ट कुठल्या दिशेने घसरत गेली ते दिसतंय.

बरं, तीस नाणी म्हणजे किती? मत्तय फक्त चांदीची नाणी म्हणतो, पण देवळाच्या कारभारात तेव्हा टायर शहराचे शेकेल चालायचे, म्हणून ते तेच असावेत असं बहुतेक अभ्यासक धरतात. एक नाणं साधारण १४ ग्रॅमचं, म्हणजे एकूण ४२० ग्रॅमच्या आसपास चांदी. एका शेकेलचे चार दिनार, म्हणजे १२० दिनार, आणि एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी, ते द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दाखल्यात येशूच सांगतो. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा सुट्टीचा शनिवार, वगळला तर चार-पाच महिन्यांची कमाई झाली. आणि ते बेथानीतलं अत्तर? तीनशे दिनारांचं. म्हणजे डोक्यावर ओतलेल्या अत्तराची किंमत गुरूच्या किमतीच्या अडीच पट. आता योहान म्हणतो तसा यहूदा पेटीतून रोज थोडं थोडं मारणारा माणूस असेल तर कायमची पेटी सोडून चार-पाच महिन्यांच्या पगारासाठी असला उद्योग तो का करेल, हे व्यवहारी माणसाला पटणारं नाही. लोभ हे कारण असेलही, पण एवढ्या रकमेवर ते टिकत नाही.

मत्तयाला तरी तो हिशोब मांडायचा होता असं मला वाटत नाही. त्याच्या वाचकांना जुना करार पाठ होता. निर्गमच्या २१ व्या अध्यायात बैलाने दुसऱ्याचा दास मारला तर मालकाला भरपाई तीस शेकेल. जखऱ्याच्या ११ व्या अध्यायात मेंढपाळाला मजुरी म्हणून तीस रुपे तोलून देतात आणि ती तो देवाच्या मंदिरात कुंभारासाठी फेकून देतो. (मत्तय हे वचन यिर्मयाच्या नावावर टाकतो, यावर टीकाकारांनी किती शाई घालवली असेल ते सोडा.) म्हणजे आकडा बोलतोय तो अपमानाबद्दल, तुम्ही तुमच्या मेंढपाळाची किंमत एका दासाएवढी लावलीत. आणि किंमत लावणारा कोण? जखऱ्यात काय किंवा मत्तयात काय, किंमत देणारे लावतात. आपण मात्र तो आकडा उचलून घेणाऱ्याच्या कपाळावर चिकटवला.

मग देणारे कोण होते ते बघायलाच पाहिजे, आणि इथे फार जपून बोलावं लागतं, कारण 'याजकांनी दिले' म्हटलं की पुढचं वाक्य 'म्हणजे ज्यूंनी' असं आपोआप येतं आणि तिथेच सगळा घोळ झालाय. ज्यू सगळेच होते. येशू ज्यू, मरिया ज्यू, पेत्र, योहान, बाराच्या बारा शिष्य ज्यू, गालीलहून आलेली ती गर्दी ज्यू. मुख्य याजक कायफा हा त्या सगळ्या लोकांनी निवडलेला नेता नव्हता, रोमन गव्हर्नर वालेरियस ग्रातसने त्याला इसवी सन १८ च्या सुमारास नेमलं होतं, त्याआधी त्याच ग्रातसने काही वर्षांत एकामागून एक मुख्य याजक बदलले होते. मुख्य याजकाची सणाची वस्त्रंसुद्धा त्या काळात रोमनांच्या ताब्यात किल्ल्यात असायची आणि सणापुरती बाहेर मिळायची, हे पहिल्या शतकातल्या योसेफस या ज्यू इतिहासकाराने लिहून ठेवलंय. अशा खुर्चीवर कायफा १८ वर्षं टिकला, आणि ३६ मध्ये येशूला क्रुसावर द्यायचा हुकूम देणारा रोमन गव्हर्नर पिलात गेला त्याच सुमारास त्याचीही खुर्ची गेली. एवढ्यावरून कळायचं ते कळतं.

आता वल्हांडण म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याचा सण. त्यासाठी जेरुसलेम माणसांनी फुगलेलं, गव्हर्नर मुद्दाम समुद्रकाठच्या कैसरियाहून सैन्य घेऊन आलेला, आणि गालीलच्या एका गुरूने देवळाच्या आवारात सराफांचे चौरंग उलथवलेले. योहानाच्या ११ व्या अध्यायात कायफा आणि त्याच्या मंडळींचं गणित स्पष्ट आहे, याला असाच सोडला तर रोमन येतील आणि आपलं स्थान आणि राष्ट्र दोन्ही घेतील, त्यापेक्षा एक माणूस मेलेला बरा. हे सैतानी वाक्य नाहीये, हे ऑफिसातलं वाक्य आहे. वरचा साहेब चिडायला नको म्हणून खालच्या एकाला बळी द्यायचा हे गणित जगातल्या कुठल्याही खात्यात कळतं.

मग खबऱ्या कशाला लागला? येशू तर रोज देवळात उघड शिकवत होता, आणि पकडायला आले तेव्हा त्याने तेच विचारलं, मी रोज तुमच्यात होतो तेव्हा का नाही धरलंत. उत्तर लूकने दिलंय, लोकांची गर्दी नसताना धरायचा होता. दिवसा हात लावला असता तर दंगल झाली असती. म्हणून त्यांनी जे विकत घेतलं ते फक्त एक ठिकाण आणि एक वेळ, जैतुनाच्या डोंगरावर रात्री तो कुठे असतो, आणि अंधारात नेमका माणूस कोणता. साधी टीप. ती विकत घ्यावी लागली कारण सत्ता स्वतःच्याच लोकांना घाबरत होती. तीस नाण्यांमागचं खरं कारण माझ्या मते हे आहे, आणि ते यहूदाच्या स्वभावात शोधून सापडणार नाही.

या गोष्टीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग म्हणजे मत्तयाच्या २७ व्या अध्यायातल्या सुरुवातीच्या आठ-दहा ओळी. येशूला शिक्षा ठरली हे बघून यहूदा परत येतो, पैसे घेऊन. मी निर्दोष माणसाला धरून दिलं, पाप केलं, असं सरळ सांगतो. लक्षात घ्या, पूर्ण गोष्टीत येशू निर्दोष आहे असं या लोकांच्या तोंडावर जाऊन म्हणणारा शिष्य हा एकटाच आहे, बाकीचे पळालेत. आणि याजक काय म्हणतात? त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. काम होईपर्यंत तो त्यांचा माणूस होता, काम झाल्यावर त्याचा तो. तो नाणी मंदिरात फेकतो आणि निघून जातो. मग ही मंडळी नाणी गोळा करून नियम काढून बसतात, हा रक्ताचा पैसा आहे, भांडारात टाकणं योग्य नाही. कालपर्यंत हा पैसा द्यायला नियम आडवा आला नव्हता. आणि ते खरंच टायरचे शेकेल असतील तर त्यांच्यावर मेलकार्त नावाच्या परक्या देवाचं तोंड कोरलेलं होतं, ते देवळाला चालत होतं. शेवटी त्या पैशातून कुंभाराचं शेत घेतलं, परक्या लोकांच्या दफनासाठी. म्हणजे समाजकार्य! हकलदमा, रक्ताचं शेत, हिन्नोमच्या दरीत ती जागा आजही दाखवतात, तिथे ग्रीक ऑर्थोडॉक्स मठ आहे.

आपल्याकडे एखाद्याने पक्ष सोडला की 'किती घेतले' हा पहिला प्रश्न असतो आणि 'कुणी दिले, कुठून आणले' हा बऱ्याचदा विचारलाच जात नाही. ही खोड जुनी आहे.

या अर्ध्या गोष्टीची किंमत युरोपात ज्यूंनी भरली. यहूदा या नावात आणि यहुदी या शब्दात साम्य, त्यात हातात पैशांची थैली, एवढं मिळाल्यावर उपदेशकांना आणि चित्रकारांना आणखी काय लागतं. बारा शिष्यांमधला एकच जण 'ज्यू' दिसू लागला, नाक वाकडं, केस तांबडे, झगा पिवळा. इटलीतल्या पदुआच्या चॅपलमध्ये १३०५ च्या सुमारास चित्रकार जोत्तोने रंगवलेला यहूदा पिवळ्या झग्यात थैली घेऊन उभा आहे आणि पाठीमागे काळा सैतान खांद्याला धरून. गंमत म्हणजे ते चॅपल बांधून घेणारं स्क्रोवेन्यी घराणं ख्रिस्ती, आणि सावकारीच्या व्याजावर गब्बर झालेलं. व्याजाचा पैसा ख्रिस्ती माणसाचा, भिंतीवर लोभाचा चेहरा मात्र यहूदाचा. १२१५ मध्ये चर्चच्या चौथ्या लॅटरन परिषदेने ज्यूंनी वेगळे ओळखू येतील असे कपडे घालावेत असं ठरवलं होतंच, आणि अनेक ठिकाणी त्या खुणेचा रंग पिवळा झाला.

दक्षिण फ्रान्समधल्या बेझिएमध्ये झावळ्यांच्या रविवारपासून, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारपासून, ज्यूंच्या घरांवर दगड मारायची प्रथा होती, ख्रिस्ताच्या मरणाचा सूड म्हणून, आणि ११६० मध्ये ती बंद झाली ती ज्यूंनी बिशपला पैसे भरून. पैशांसाठी गुरू विकला म्हणून ज्यांना दगड मारायचे त्यांच्याकडूनच दगड थांबवायचे पैसे घेतले, आणि यात कुणाला विसंगती वाटली नाही.

आणि हे सगळं लांबचं आहे असं समजू नका. गोव्यात १५६० ला इन्क्विझिशन, म्हणजे धर्मापासून ढळलेल्यांना शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय आलं, सुरुवातीला त्याच्या डोळ्यापुढे मुख्यतः 'नवे ख्रिस्ती' होते, म्हणजे पोर्तुगालमध्ये बाटवलेले ज्यू आणि त्यांची मुलंबाळं. गार्सिया द ओर्ता हा मोठा वैद्य, १५३४ ला इकडे आला, इथल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. तो १५६८ मध्ये वारला, पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातरिना हिला जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडं उकरून काढून जाळली, गुपचूप ज्यू धर्म पाळत होता म्हणून. आणि हे न्यायालय चालायचं कशावर? खबऱ्यांवर. आरोप कुणी केला हे आरोपीला सांगायचं नाही, शेजाऱ्याने शेजाऱ्याची, घरच्याने घरच्याची खबर द्यायची, आणि शिक्षेत मालमत्ता जप्त. दर पवित्र आठवड्यात यहूदाला शिव्या घालणाऱ्या संस्थेने अडीचशे वर्षं, १८१२ पर्यंत, यहूदा तयार करायचा कारखाना चालवला. तिकडे उत्तरेला अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यात त्याच धर्माचे बेने इस्रायल तेलाचे घाणे चालवत होते, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं, बस, एवढंच. मराठी बोलणाऱ्या या ज्यूंना कुणी गुरुद्रोही म्हटलं नाही, कारण शेजाऱ्यांच्या डोक्यात ती थैली नव्हती.

आता यावर नेहमीचं उत्तर येतं की अहो, परंपरा आहे, लोक मजा म्हणून करतात, ग्रीसमध्ये, मेक्सिकोमध्ये यहूदाचा पुतळा जाळतात, आपण होळी नाही का जाळत. ठीक आहे, मेक्सिकोत हल्ली त्या पुतळ्याला कधी कधी राजकारण्यांचे चेहरे लावतात, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण २०१९ मध्ये पोलंडमधल्या प्रुखनिक गावात गुड फ्रायडेला जो पुतळा केला त्याला मोठं वाकडं नाक होतं, कानाजवळ कर्मठ ज्यूंसारख्या केसांच्या बटा होत्या, आणि लहान मुलं त्याला काठ्यांनी बडवत होती. पोलंड म्हणजे जिथे आऊश्वित्झ ही नाझींची मृत्युछावणी होती तोच देश. जागतिक ज्यू संघटनेने निषेध केला, पोलंडच्या बिशपांनीही नापसंती दाखवली, हे बरं झालं. पण ती काठी हातात घेतलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला काय कळलं असेल? त्याला पैसे, विश्वासघात आणि ज्यू चेहरा हे तिन्ही एकत्र मिळालं, तेही खेळ म्हणून, आणि खेळात शिकलेलं लवकर जात नाही. त्यामुळे असे पुतळे बंद व्हावेत, परंपरा आहे म्हणून सूट नको.

बदल करता येतो, हे नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाहीये. १९५९ मध्ये तेविसाव्या जॉन पोपने गुड फ्रायडेच्या प्रार्थनेतून ज्यूंना विश्वासघातकी म्हणणारा शब्द काढला, आणि २८ ऑक्टोबर १९६५ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लेखी सांगितलं की ख्रिस्ताच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर टाकता येणार नाही. बव्हेरियातल्या ओबरामरगाऊ गावचं नाटक तर सगळ्यात मोठं उदाहरण, प्लेगच्या नवसाचं १६३४ पासून चालत आलेलं, साधारण दर दहा वर्षांनी अख्खं गाव करतं. १९३४ मध्ये हिटलर ते बघायला गेला होता आणि त्याला ते फार आवडलं होतं, यातच काय ते आलं. त्याच गावात दिग्दर्शक क्रिस्टियान श्टुकलने १९९० पासून हळूहळू संहिता बदलत नेली, येशू ज्यू गुरू म्हणून दिसतो, मंचावर हिब्रू प्रार्थना होते, आणि २०२२ च्या प्रयोगात यहूदाची भूमिका एका तुर्की वंशाच्या मुस्लिम तरुणाने केली. तो यहूदा थैलीसाठी हपापलेला नाही, याजकांनी वापरून फेकलेला आहे. नाटक बंद पडलं नाही, नवसही मोडला नाही.

पण दुसऱ्या टोकाला जाऊन यहूदाला हिरो करायची जी फॅशन आहे तीही मला पटत नाही. इजिप्तमध्ये सापडलेलं यहूदाच्या नावाचं कॉप्टिक हस्तलिखित २००६ मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा फार गाजलं, की बघा, खरं तर येशूनेच त्याला हे काम सांगितलं होतं, तोच सगळ्यात समजूतदार शिष्य. तो दुसऱ्या शतकातल्या एका गूढवादी पंथाचा ग्रंथ, इसवी सन १८० च्या सुमारास इरेनियस या बिशपने त्यावर टीकाही केलेली, त्यातून त्या पंथाबद्दल कळतं, यहूदाबद्दल नाही. ज्याच्यासोबत एका ताटात जेवला त्याला गुरुजी म्हणून हाक मारून, चुंबन घेऊन ओळखवून दिला, याला विश्वासघातच म्हणतात आणि त्याला गोड करायची गरज नाही. 'शास्त्रात आधीच लिहिलं होतं, मग त्याचा काय दोष' हाही युक्तिवाद मार्कनेच एका वाक्यात निकालात काढलाय, मनुष्याचा पुत्र लिहिल्याप्रमाणे जातो, पण त्याला धरून देणाऱ्याची धडगत नाही. दोष आहेच. फक्त तो एकट्याचा नाही आणि त्याच्या जातीचा तर अजिबात नाही. पेत्राने त्याच रात्री तीनदा ओळख नाकारली, तो रडला आणि त्याला परत जागा मिळाली, मेंढरं सांभाळायचं काम मिळालं. यहूदाही पस्तावला, पण तो गेला त्या ऑफिसात, जिथे पश्चात्तापाची नोंद करायला रकानाच नव्हता.

म्हणून माझी मागणी अगदी छोटी आणि कारभारी आहे. कॅथलिक वाचनक्रमात पवित्र आठवड्याच्या बुधवारी मत्तयाचा सौद्याचा उतारा दरवर्षी वाचला जातो, २६ व्या अध्यायातला, काय द्याल आणि तीस नाणी. पैसे परत आणल्याचा भाग मात्र झावळ्यांच्या रविवारी येतो, तोही तीन वर्षांतून एकदा मत्तयाची पाळी असते तेव्हाच, आणि तेव्हाही वेळ वाचवायला छोटं वाचन घेतलं तर ते पिलातापासून सुरू होतं, म्हणजे यहूदा, फेकलेली नाणी, नियम काढून बसलेले याजक, सगळं गाळलं जातं. वसईत असो, गोव्यात असो की अहिल्यानगरच्या खेड्यातलं चर्च असो, निदान मत्तयाच्या वर्षी लांबचं वाचन घ्या. आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांकडून नाटुकलं बसवून घेता तेव्हा चुंबनाचा सीन ठेवाच, पण त्याच्यापुढे पैसे परत करायचा सीनही ठेवा, आणि याजकांचं काम वर्गातल्या सगळ्यात हुशार, सगळ्यात नीटनेटक्या मुलांना द्या.